आईचा स्वभाव

थंडीत बाहेर काढलेल्या रजयांना डांबरगोळ्यांचा वास आला, की मला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरची गच्ची आठवते. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षी सरावासाठी मी तिथे बसून आईची स्वभावनोंद भरत होते. आई नेहमीसारखीच न बोलता उन्हात रजया पसरत होती. मी ‘जन्मजात अबोल’ असे लिहिले, तेव्हा नागपूरहून आलेल्या मावशीने मटार सोलता सोलता वहीत डोकावून पाहिले. “ही अबोल? अगं, बडबडीपायी शाळेत हिला रोज वर्गाबाहेर उभं करायचे. तू झालीस आणि ही अशी झाली. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर तुझे बाबा म्हणाले, दिल्लीत करमत नसेल.” मी ‘जन्मजात’ खोडले, पण त्या जागी काय लिहावे ते सुचेना. नैराश्याचे सारे निकष मला पाठ होते, आणि इतकी वर्षे आईच्या आजारालाच मी तिचा स्वभाव समजत आले होते. पुढे तिच्यावर उपचार झाले, ती थोडीफार बोलूही लागली. आता रुग्णाच्या घरच्यांना मी प्रथम त्याच्या पूर्वीच्या वागण्याविषयी विचारते. मावशीला ठाऊक असलेली ती बडबडी मुलगी मात्र मला कधीच भेटली नाही.