तसबिरीमागचं निळं पत्र

आता काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा सगळेच करतात, पण स्वतःचा मूर्खपणा देव्हाऱ्यात जपून ठेवणारा अख्ख्या रत्नागिरीत मी एकटाच! चहा घ्या, सांगतो.

माझा मोठा भाऊ, दादा, अमेरिकेत. मी इथे आंब्याची कलमं सांभाळून. वडील गेले तेव्हा दादाला येता आलं नाही आणि मी रागाच्या भरात त्याला एक पत्र लिहिलं. काय लिहिलं ते विचारू नका, आजही आठवलं की कान गरम होतात. मग पाच वर्षं तिकडून एक ओळ नाही. आणि एका मे महिन्यात एकदम तार: येतोय, पंधरा दिवस राहीन.

तारेमागोमाग वहिनीचं निळं पत्र आलं. माझ्या नावावर! मी म्हटलं, संपलं. माझ्या पत्राचं उत्तर आलं. न फोडताच ते गणपतीच्या तसबिरीमागे सरकवलं.

"अहो, फोडा तरी!" आमची ही म्हणाली.

"दादा परत गेला की फोडू. आत्ता वाचलं तर त्याच्याकडे बघवायचं नाही मला."

एसटीतून दादा उतरला आणि मी ओळखलंच नाही. पूर्वी हा माणूस दोघांची जागा अडवायचा. पंगतीत बावीस मोदक खाऊन वर ताकभात मागायचा! आता बघतो तर निम्मा.

"काय रे हे, दादा?"

"तिकडे रोज सकाळी धावतो," स्टँडवरच्या चारचौघांदेखत म्हणाला आणि लगेच कलमांची चौकशी करायला लागला.

आता आमच्या घरची रीत ऐका. आमच्याकडे भांडण तोंडानं होत नाही, पानावर होतं. वडील रागावले की एक अक्षर बोलायचे नाहीत, फक्त चार घास खाऊन उठायचे. मग आईनं ओळखायचं. आणि पानावरून उठलेला माणूस पुन्हा पोटभर जेवला, की समजायचं, राग गेला.

पहिल्या दिवशी दादानं किती खाल्लं? अर्धी वाटी मऊ भात! तोही एकेक घास चावत, चावत, चावत. पाण्याचा घोट नाही. दुसऱ्या दिवशी हिनं उकडीचे मोदक केले, तर त्यानं पानाच्या कडेला ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी हिला म्हणतो कसा, "मला आपली थोडी पेज द्या."

पेज! अमेरिकेहून आलेला भाऊ माझ्या घरात आजाऱ्यासारखी पेज मागतो? हा सरळसरळ टोमणा, नाही तर काय?

"अगो, हा मला माफ करायचा नाही," मी हिला म्हटलं. रडायचाच बाकी होतो.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, आज काय वाटेल ते होवो. आमच्याच कलमाचे निवडक हापूस, स्वतःच्या हातानं रस काढला, वर साखरही घातली. वाटी पुढे केली.

"नको रे अंत्या."

आता नको म्हटल्यावर थांबतो तो यजमान कसला? आपल्याकडे तिसऱ्या 'नको'पर्यंत कोणी ऐकून तरी घेतं का?

"घे रे."

"खरंच नको."

"आईची शपथ आहे तुला!"

दादानं माझ्याकडे पाहिलं, वाटी उचलली आणि रस पिऊन टाकला. मी तेवढ्यात दुसरी वाटी ओतली. तीही प्यायला! काय आनंद झाला म्हणून सांगू. मिटलं! पाच वर्षांचं मिटलं!

पाव तास झाला नसेल. दादा पडवीत बसला होता, त्याचा चेहरा एकदम पांढराफटक. कपाळावरून घामाच्या धारा. छातीवर हात. "अंत्या, धडधडतंय रे," म्हणाला आणि तिथेच जमिनीवर आडवा झाला.

भावाला मी मारलं! मीच! शपथ घालून! सायकल काढली, अनवाणीच निघालो. डॉक्टर जेवत होते, त्यांना उष्ट्या हातानं ओढून आणलं. मागे कॅरियरवर ते आणि पुढे मी, सबंध वाट आईची क्षमा मागत.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, सदरा वर केला. पोटावर उभा लांब व्रण.

"हे ऑपरेशन कसलं?"

दादा पडल्यापडल्या ओशाळला. "वजन कमी करायचं. जठर शिवून मुठीएवढं केलंय. गोड झेपत नाही. पडून राहिलो की तासाभरात थांबतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण तुला माहीत होतं ना? तिनं सगळं कळवलंय तुला!"

ही उठली, देव्हाऱ्याशी गेली, पत्र आणून फोडलं आणि डॉक्टरांसमोर मोठ्यानं वाचलं.

"दर दोन तासांनी अर्धी वाटी. खूप चावून. जेवताना पाणी नको. पेज, मऊ भात, पातळ ताक सोसतं. गोड मुळीच नको. यांना सांगायची लाज वाटते, आणि भावजी, तुम्ही अजून रागावला आहात असं यांना वाटतं, म्हणून तुम्ही आग्रहानं वाढलेलं नाकारायचे नाहीत. कृपा करून आग्रह करू नका. तुम्ही समजूतदार आहात, म्हणून निर्धास्त आहे."

समजूतदार! डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले.

"म्हणजे तू रागावला नव्हतास?" मी विचारलं.

"मेल्या, मला वाटलं तूच रागावलायस! म्हणून तर दुसरी वाटी प्यायलो." मग काय, दोघंही रडलो. लपवायचं कशाला?

दादाचं पोट तासाभरात ठीक झालं. माझं मात्र त्या भीतीनं जे बिघडलं, ते तीन दिवस. परसाकडची वाट झिजवली मी! आणि दादा? घड्याळ लावून दर दोन तासांनी अर्धी वाटी पेज घेऊन माझ्या उशाशी हजर. "चाव. अजून चाव. पाणी नंतर."

चौथ्या दिवशी त्यानं वहिनीला पत्र लिहिलं आणि मुद्दाम मला वाचून दाखवलं: "तू कळवलेलं पथ्य इथे अगदी काटेकोर चालू आहे. अंत्याला चांगलंच मानवलंय."