कोणीही न दिलेला हुकूम

सुपर बोल हा अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना तिकडे रविवारी संध्याकाळी होतो. त्यामुळे जपानमध्ये तो सोमवारी सकाळी, माणसे स्टेशनकडे धावत असतात त्या वेळेला येऊन पडतो. वर्षातल्या त्या एका सोमवारी रजा घ्यायची प्रथा आमच्या घरात मी पाडली. योकोहामातल्या एका व्यापारी कंपनीच्या विधी विभागात मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. रजेच्या अर्जात मी 'कौटुंबिक कारण' असे लिहीत असे आणि ते अक्षरशः खरे होते.

आमचा मुलगा या देशात वाढला. आम्ही त्याच्याशी मराठीत बोलायचो आणि तो जपानीत उत्तर द्यायचा. त्याची आई त्यावर रडून घ्यायची, मी चिडायचो, आणि आमच्या रडण्याचिडण्याला तो आणखी अस्खलित जपानीत उत्तर द्यायचा. मात्र त्या सोमवारी तो मराठी बोले. त्या खेळाचे जपानी शब्द मला ठाऊक नव्हते आणि दूरचित्रवाणीवरचे भरधाव इंग्रजी त्याला झेपत नव्हते. तेव्हा आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला मराठीच काय ती उरली होती.

खेळ मला कधीच फारसा कळला नाही, पण त्याचा इतिहास कळला, कारण तो करारांचा इतिहास आहे. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या दोन संघटना होत्या. जुनी संघटना नवीला मोजत नव्हती, नवी जुनीचे खेळाडू पळवत होती. अखेर दोघींनी तह केला आणि त्या तहातून हा सामना जन्माला आला. पहिल्या सामन्याला मैदान भरलेसुद्धा नव्हते. दोन्ही संघटनांचे प्रक्षेपणाचे करार वेगवेगळ्या वाहिन्यांशी होते, म्हणून तो सामना एकाच वेळी दोन वाहिन्यांनी दाखवला. मध्यंतरानंतरची किक मारली गेली तेव्हा एक वाहिनी जाहिरातींतून अजून परतली नव्हती. म्हणून पंचांनी ती किक पुन्हा मारायला लावली.

हे मी मुलाला प्रथम सांगितले तेव्हा तो शाळेत होता. त्याने चिवडा खाणे थांबवले.

"मग पहिल्या किकचं काय झालं?"

"ती झालीच नाही, असं ठरलं."

"पण झाली ना?"

"झाली."

"लोकांनी बघितली ना?"

"हजारो लोकांनी."

"बाबा, मग तुम्ही पत्र लिहा ना त्यांना!"

त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहितील. तेवढंच राहिलंय. परवा कचरा नेण्याच्या वारावरून नगरपालिकेला लिहिलंय, आता अमेरिकेला लिहितील."

पुढची हकीकत त्याला त्याहून आवडे. त्या पहिल्या सामन्याच्या टेपा दोन्ही वाहिन्यांनी पुसून टाकल्या. टेप महाग, म्हणून तीच पुन्हा वापरायची. पुढे कितीतरी वर्षांनी कोणा एका प्रेक्षकाने केलेले अर्धेमुर्धे चित्रण माळ्यावर सापडले, तेव्हा संघटनेने ते पुरेशी किंमत देऊन विकत घेतले नाही आणि दुसऱ्या कोणाला विकूही दिले नाही. मालकी आमची, टेप तुझी, दाखवायची कोणालाच नाही. कायद्याच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. म्हणूनच मला आजही त्याचा संताप येतो.

मुलगा क्योतोला विद्यापीठात गेला आणि सायकलवरून फिरता फिरता त्या खेळाच्या संघात शिरला. सगळ्यांत पुढच्या फळीत, समोरच्या माणसाला अंगाने अडवायचे, ही त्याची जागा. चेंडू त्याच्या हातात कधी यायचाच नाही. पदवीनंतर कावासाकीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याला नोकरी दिली. त्या कंपनीचा स्वतःचा संघ होता.

"इतकं शिकून डोकं आपटायला जाणार?" आई म्हणाली.

"आई, डोक्यावर हेल्मेट असतं."

"हेल्मेट बाहेरून असतं रे. मेंदू आत असतो."

त्या घरात त्या दिवशी वैद्यकाचे एकमेव शहाणे वाक्य बोलले गेले ते तिचे होते. मी मात्र कंपनीच्या संघाची रचना कुतूहलाने पाहत होतो. अमेरिकेतला खेळाडू व्यावसायिक असतो: त्याचा खेळण्याचा करार असतो, त्याची कामगार संघटना असते. तिथल्या निवृत्त खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून खेळ चालवणाऱ्या संघटनेला कोर्टात खेचले आणि तडजोडीपर्यंत आणले. माझा मुलगा मात्र दिवसा सर्किटची तपासणी करणारा नोकरदार आणि शनिवार-रविवार खेळाडू. खेळण्याचा करार नाही. खेळ हे काम नाही आणि छंदही नाही. कंपनीच्या लॉबीत मात्र संघाचे भले मोठे छायाचित्र.

दुखापत झाली त्या हंगामात त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. उपांत्य सामन्यात त्याच्या डोक्याला जोरात धक्का बसला होता. त्यानंतरच्या आठवड्यात तो घरी जेवायला आला तेव्हा भाताचे घास मोजून खाल्ल्यासारखा जेवत होता. त्यानेच सांगितले, की विभागाचा काचो, म्हणजे त्याचा वरिष्ठ, जो संघाचा व्यवस्थापकही होता, त्याला कँटीनमध्ये घेऊन बसला. तब्येत कशी आहे, असे विचारले. फार ओढाताण करू नकोस, असे म्हणाला. मग, यंदा सगळा विभाग सामन्याला येणार आहे, असे म्हणाला. आणि मग गप्प बसला.

"मग?" आईने विचारले.

"मग मी म्हणालो, यारासेते कुदासाई."

"म्हणजे?"

"मला खेळू द्या, असं."

"म्हणजे त्यानं खेळ म्हणून सांगितलंच नाही?"

"नाही, आई. कोणीच नाही सांगितलं. मीच म्हणालो."

मी ऐकत होतो. या देशातल्या कार्यालयांत माझा उभा जन्म गेला आणि त्यात मी हुकूम असा ऐकलेला नाही. वरिष्ठ परिस्थिती मांडतो, उसासा टाकतो, चहाच्या कपाकडे पाहतो आणि थांबतो. त्या शांततेत कनिष्ठाने स्वतःहून म्हणायचे असते: मला करू द्या. मग वरिष्ठ मान लववून त्याचे आभार मानतो. रविवारची कामे, बदल्या, रात्रीची हजेरी, सगळे या एका विनंतीवर चालते. मी स्वतः ते शब्द किती वेळा उच्चारले असतील! ते मनाविरुद्ध म्हणता येत नाहीत. कारण म्हणेपर्यंत आपल्याला तसे खरोखरच वाटू लागलेले असते.

अंतिम सामना आम्ही दोघांनी स्टँडमधून पाहिला. तो पडला, उठला, आणखी खेळला. त्याचा संघ जिंकला. कागदाच्या पट्ट्या उडाल्या, विभागाने घोषणा दिल्या, आणि आमचा मुलगा आमच्या समोरून आम्हाला न ओळखता गेला. मी हाक मारली. त्याने अनोळखी माणसाला करावा तसा अदबीने नमस्कार केला.

त्या सामन्याचा एक क्षणही त्याच्या स्मरणात नाही. पुढे उजेड सोसेना. मजकुराच्या चार ओळी वाचल्या की मळमळे. कंपनीने त्याला हलके काम दिले, मग त्याहून हलके, मग असे की ज्याला कामच म्हणता येणार नाही. शेवटी काचो पुन्हा एकदा त्याच्या समोर गप्प बसला, आणि मुलाने राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहून दिले. तेही त्याने स्वतःहूनच लिहिले होते.

तो आमच्याकडे राहायला आला आणि मी लिहायला बसलो. कंपनीला लिहिले. खेळाच्या संघटनेला लिहिले. एके काळी या देशातला वर्षारंभीचा राष्ट्रीय सामना कंपन्यांचा विजेता आणि विद्यापीठांचा विजेता यांच्यात होत असे. ताकदीतली तफावत आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता पाहून तो प्रकार बंद झाला, आणि आता कंपन्यांचेच संघ आपसांत खेळतात. मी विचारले, विद्यार्थ्याच्या कवटीचा विचार करणाऱ्यांना नोकरदाराच्या कवटीचा विचार करण्यापासून कोणत्या कलमाने रोखले होते? उत्तरे आली. सगळी नम्र होती. प्रकृतीला आराम पडो, अशी त्यांत प्रार्थना होती. मी चिडून पुन्हा लिहिले; पुन्हा प्रार्थना आली.

"पोस्टातली बाई आता मला नावानं हाक मारते," पत्नी म्हणाली. "अहो, त्याचं डोकं तुमच्या पत्रांनी बरं होणार आहे का?"

ते होणार नव्हते, हे मलाही कळत होते. मला पैसे नको होते. हा माणूस जखमी झाला तेव्हा तो कामावर होता, एवढे एक वाक्य मला सरकारी शिक्क्यासह हवे होते. कामावरच्या अपघाताला इथे रोसाई म्हणतात. खेळ कंपनीच्या हुकमावरून असेल, तर त्यातली दुखापतही रोसाईत बसू शकते. हुकूम होता का, एवढाच प्रश्न होता. मुलाच्या वतीने मी कामगार कार्यालयात अर्ज दाखल केला.

सुनावणीच्या दिवशी मुलगा काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसला. अधिकारी चाळिशीचा, सभ्य, थकलेला. मला तो 'ओतोसान', म्हणजे 'बाबा', म्हणत होता; या देशात सरकारी माणूस कोणाच्याही बापाला असेच म्हणतो.

"अंतिम सामन्यात खेळण्याची सूचना आपल्याला कोणी दिली होती का?" त्याने मुलाला विचारले.

"नाही. मी स्वतः विनंती केली."

"कोणत्या शब्दांत?"

मुलाने ते शब्द म्हटले.

मी बोललो. जपानीत, मला साधेल तेवढ्या नेमकेपणाने बोललो. ही विनंती म्हणजे हुकमाची पोच आहे, असे म्हणालो. या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे, असे म्हणालो. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली.

"ओतोसान, गेल्या महिन्यात मीही माझ्या वरिष्ठांना तेच म्हणालो," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि मला कोणी हुकूम दिला, असं मी लिहू शकणार नाही."

विरोधी बाजूने मूर्खपणा केला तर माणसाला लढता येते. त्या खोलीत विरोधी बाजूच नव्हती. तिघांनाही सत्य ठाऊक होते, आणि ते लिहून ठेवण्याची सोय कायद्यात नव्हती.

अर्ज फेटाळला गेला. फेरविचाराचा अर्ज तीन महिन्यांत करता येतो. मी मसुदा तयार केला; तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला मसुदा होता. त्यात कार्यालयीन विनंतीची प्रथा, वरिष्ठाचे मौन, काचोचे दुहेरी पद, राजीनाम्याची भाषा, सगळे मुद्द्यांनिशी होते. त्यावर फक्त मुलाची सही हवी होती.

सुपर बोलचा यंदाचा सोमवार त्या तीन महिन्यांतच आला. पडदे लावले. दूरचित्रवाणीचा उजेड त्याला सोसत नाही, म्हणून तो तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसला आणि मी त्याला आवाज बारीक करून सामना मराठीत सांगू लागलो. आता फेकला. आता पकडला. आता चौघे त्याच्यावर पडले.

"कुठं लागलं?" तो विचारायचा.

"उठला. ठीक आहे."

"खरं?"

"खरं."

मध्यंतरात, गाणी सुरू झाली तेव्हा, मी आवाज बंद करून मसुदा पुढे केला. काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. अलीकडे त्याला एवढा वेळ लक्ष देणे जमत नाही. त्याला ते किती जड जात होते हे त्याच्या मानेवरून दिसत होते.

"म्हणजे, मला जबरदस्ती झाली होती, असं," तो म्हणाला.

"तशीच झाली होती."

"मी नाही करणार सही, बाबा."

"का? त्या माणसाला वाचवायला? तो तुला भेटायला एकदा तरी आला का?"

"त्याला नाही." तो शब्द शोधत होता, मराठी शब्द शोधत होता, आणि मी त्याला जपानीत बोल म्हणालो नाही. "त्या मॅचचं मला काही आठवत नाही. फोटो बघितले, तरी दुसऱ्या कोणाचे वाटतात. कप, लोक, तुम्ही, आई, काहीच नाही. पण खेळू द्या, असं मीच म्हणालो होतो, ते आठवतं. कँटीन आठवतं. खेळायची मला खरंच इच्छा होती, बाबा. तेवढंच शिल्लक आहे. तुम्ही लिहिताय की तेही माझं नव्हतं."

त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, ठेवा ते."

माझ्यापाशी उत्तर होते. इच्छा तयार केली जाते, म्हणूनच तर ती अन्यायाची सर्वांत भक्कम खूण असते, हे मसुद्याच्या मध्यावर मीच लिहिले होते. ते उत्तर बरोबर होते. मी ते दिले नाही. मुलाने खांदा भिंतीला टेकवला आणि चष्म्याखाली डोळे मिटले. मध्यंतर संपले होते. त्याने सामना सांगा म्हटले नाही आणि मीही सांगितला नाही.

मुदत एका शुक्रवारी संपली. कार्यालय कधी बंद होते ते मला ठाऊक होते. त्या वेळेपर्यंत मी टेबलाशी बसून होतो, आणि पत्नी शेजारच्या खोलीत त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवत होती. उभ्या आयुष्यात मी हाती असलेला योग्य दावा मुदतीत दाखल केला नाही, असे हे एकच प्रकरण. दावा योग्य होता. हे मी आजही कोणालाही लिहून देईन. पण ज्याच्यासाठी लिहायचे, त्याला ते नको आहे.