साडभाऊंची डब्ब्यांची शर्यत

रस्त्यावर दिसणारा प्रत्येक माणूस म्हणजे अजून न झालेला एक अपघात आहे, असं मनापासून मानणारा उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धंद्यानं विमा सर्व्हेअर. म्हणजे पांढरकवड्याजवळ हैदराबाद रस्त्यावर ट्रक उलटला, किंवा वणीकडून कोळसा भरून निघालेली गाडी कुणाच्या जीपवर चढली, की लोक देवाचं नाव घेत आणि साडभाऊ टेप आणि कॅमेरा घेत. चेपलेले दरवाजे, वाकलेली स्टिअरिंगं आणि सीटखाली राहून गेलेल्या चपला पाहून पाहून त्यांची नजरच अशी झाली होती की, धडधाकट गाडीही त्यांना आधी चेपलेलीच दिसायची. मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा त्यांना मुद्दाम दाखवायला नेली. पेढे पुढं केले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बॉनेटवरून हळुवार हात फिरवला आणि खिन्नपणे म्हणाले, "छान आहे. इथून घडी होते हिची."

त्यांच्यासोबत कुठं जायचं म्हणजे घरच्यांच्या अंगावर काटा यायचा. स्वतः चालवत असले तर यवतमाळहून दारव्ह्याला जाईपर्यंत लग्न लागून पंगत उठलेली असायची. दुसरा कुणी चालवत असला तर त्याची शुद्ध हरपायची, कारण साडभाऊ शेजारी बसून समोरच्या रस्त्याचं भविष्य सांगत राहत. तो सायकलवाला आता न बघता वळेल, ती म्हैस अर्ध्यात थांबेल, त्या एस.टी.मागून एक माणूस पळत येईल. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते खरं होई. कुणाच्याही उभ्या गाडीच्या टायरच्या खाचेत ते नाणं घालून बघत, आणि टायर झिजल्यामुळं नाणं वरच राहिलं तर मालकाला शोधून काढत, मग तो दवाखान्यात असो की संडासात. भाच्याच्या लग्नात सजवलेल्या गाडीत त्यांनी नवरदेवाला हारावरून पट्टा बांधायला लावला. वरात अर्धा तास खोळंबली आणि बॅंडवाल्यानं तेवढ्या वेळात आपल्याजवळची सगळी गाणी वाजवून संपवली. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा तर कळसच झाला. शववाहिनी दारात आली, बायांचा हुंदका फुटला, आणि हे ओणवे होऊन मागच्या चाकाकडं बघत बसले. टायर गुळगुळीत होता. त्यांनी दुसरी गाडी मागवली. मोठ्या ताई, म्हणजे त्यांची बायको, तेव्हापासून कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साडभाऊंचं म्हणणं एवढंच होतं, की आईले आता काही होणार नव्हतं, पण मागं बसलेल्या चौघांले झालं असतं.

या माणसाला वेगाचं वेड होतं, असं मी सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण होतं. तरुणपणी नोकरीच्या निमित्तानं ते काही वर्षं पुण्याकडं होते. तिथं त्यांनी ऑटोक्रॉस पाहिलं आणि त्यात एकदोनदा भागही घेतला. मोकळ्या मैदानात खुणा मांडायच्या आणि त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी वळणं घेत पळवायची. धडकायला दुसरी गाडी नाही, भिंत नाही, म्हैस नाही. वेळ मोजायचा आणि पाडलेल्या खुणांचा दंड त्यात मिळवायचा. त्याबद्दल बोलायला लागले की या उदास माणसाचा चेहरा उजळायचा. जेवताना ताटच त्यांचं मैदान व्हायचं. वरणाची वाटी म्हणजे गाडी. ती ताटात जोरात सरकवून ते एकदम थांबवत, वरण पुढच्या काठावर चढे, आणि ते विजयानं सगळ्यांकडं बघत. "पाह्यलं? ब्रेक मारला की सारं वजन पुढं येते. मागची चाकं हलकी होतात. अन् आपले लोक वळणात शिरल्यावर ब्रेक मारतात. वळणाच्या आधी मारा ना बापा." मोठ्या ताई मुकाट्यानं ताटाखालचं वरण पुसत.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, पीक हातचं गेलेलं. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. आमच्या आळीत तर तो शेवटच्या पानापासून वाचायची पद्धत पडली होती. बाजार ओस, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगा बंद, आणि गावातली कापसावर जगणाऱ्या घरांतली तरणी पोरं नुसती बसून. ज्यांच्या घरी चांगल्या दिवसांत घेतलेली गाडी होती ती पोरं संध्याकाळी गाडी काढत आणि रस्त्यावर आपला राग काढत. साडभाऊंचं काम त्या दिवसांत वाढलं. गाडीत कुणी दारू प्यालेलं नसे, रस्ता सरळ असे, आणि तरी गाडी झाडावर गेलेली असे. घरी येऊन ते पायऱ्यांवर बसून राहत. मग एके दिवशी त्यांनी आपला सिद्धांत मांडला. या पोरांना वेगाची भूक आहे. ती रस्त्यावर भागवू नये म्हणून त्यांना मैदानात पोटभर जेवू घालावं. तिथं हेल्मेट, तिथं पट्टा, तिथं नियम. पोट भरलं की माणूस रस्त्यानं शहाण्यासारखा जाईल.

मी त्यांना म्हटलं, की असं होत नसतं. ते म्हणाले, "तुम्ही शिट्टी वाजवाचं काम करा फक्त."

गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाची जिनिंग बंद पडली होती. एरवी हंगामात जिथं कापसाच्या बैलगाड्यांना उभं राहायला जागा मिळत नसे, ते भलंमोठं पटांगण नुसतं ऊन खात पडलं होतं. मालकानं काही न विचारता किल्ली दिली. म्हणाला, कुणीतरी तिथं धूळ उडवली तर बरंच वाटेल. साडभाऊंनी सरकीच्या तेलाचे रिकामे डबे गोळा केले, लाल रंगानं रंगवले आणि मैदानात मांडले. ते मांडण्यातच कित्येक रविवार गेले. हे वळण जास्त घट्ट होतं, ते भिंतीच्या फार जवळ जातं, असं म्हणत ते डबे हलवत आणि मी त्यांच्यामागं खडूनं खुणा करत फिरे. जुनी सरकी पसरलेली एक कोपऱ्यातली जागा तर त्यांनी स्वतः खराट्यानं झाडून काढली, कारण सरकीवर चाक मोहरीवर पाय पडल्यासारखं घसरतं. गावानं या सगळ्याला नाव दिलं, डब्ब्यांची शर्यत.

शर्यतीच्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्या पटांगणात माणसं जमली. साडभाऊ सकाळपासून प्रत्येक गाडीत डोकं घालून बसले होते. सुटी वस्तू गाडीत एकही नको, हा त्यांचा नियम. जॅक काढला, स्टेपनी काढली, पाण्याच्या बाटल्या काढल्या, आणि मग त्यांची नजर डॅशबोर्डवरच्या देवांकडं गेली. त्यावर मोठा वाद झाला. एका अँबॅसेडरवाल्यानं सांगितलं, की गणपतीशिवाय आपण गाडीला चावीही लावत नाही. साडभाऊंनी शांतपणे विचारलं, की झटक्यात ही मूर्ती तुमच्या कपाळावर बसली तर दोष गणपतीचा म्हणायचा का. शेवटी निंबाखाली टेबल मांडलं, त्यावर स्वच्छ पांढरं कापड घातलं, आणि सगळ्या गाड्यांमधले गणपती, साईबाबा, बुद्ध आणि मक्केचं छोटं चित्र अशी मंडळी ओळीनं मैदानाकडं तोंड करून बसली. लोक येता-जाता तिथं हात जोडू लागले. साडभाऊ म्हणाले, इथून त्यांना जास्त चांगलं दिसते.

त्या दिवशी खरा पळाला तो निखिल. बाजारात त्याच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. दोन हंगामांपासून दुकानात माशा मारणं चाललेलं. निखिल बी.कॉम. होऊन घरी बसला होता आणि कुणाशी फारसा बोलत नसे. साडभाऊंनी मात्र त्याला हेरलं होतं आणि वळणात गाडी घसरवून सावरायची कशी, तेही शिकवलं होतं. वडिलांची जुनी पांढरी गाडी तो अशी फिरवायचा, की साडभाऊंच्या वाटीतलं वरणसुद्धा हललं नसतं. त्याच्या पाळीला साडभाऊंनी स्वतः जाऊन त्याचं हेल्मेट दाबून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला आणि त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मी शिट्टी वाजवली. गाडी डब्यांमधून पाण्यासारखी गेली. शेवटच्या वळणाला त्यानं मागची चाकं जरा घसरू दिली आणि तेवढ्यात गाडी सरळ करून रेघेवर आणून उभी केली. एकही डबा हलला नव्हता. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की निंबावरचे कावळे उडाले. निखिल हेल्मेट काढून हसत उभा होता, आणि त्याचे वडील दुकानाच्या कपड्यांतच गर्दीत मागं उभे राहून डोळे पुसत होते. साडभाऊंना मी तेवढं आनंदी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्यानंतर मात्र आम्हाला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. पोरांनी मैदानातून वेग उचलला आणि हेल्मेट तिथंच ठेवलं. लोहाऱ्याकडचा रस्ता रुंद, संध्याकाळी मोकळा. तिथं गाडी घसरवून दाखवायची टूम निघाली. शेवटच्या वळणावर निखिलनं कशी फिरवली, हे पाहायला मित्र त्याला तिकडं घेऊन जाऊ लागले. एका संध्याकाळी त्यानं ती तशीच फिरवली. रस्त्यावर खडी पडलेली होती. गाडी उलटली. सोबतचे दोघं खरचटून सुटले. निखिलच्या कमरेचं हाड मोडलं आणि उजव्या पायातली ताकद गेली.

विम्याचं काम साडभाऊंकडंच आलं. त्यांनी ते नागपूरच्या एका सहकाऱ्याकडं पाठवून दिलं, पण गाडी पाहायला ते गेलेच. मी सोबत होतो. त्यांनी टेप काढली नाही. ड्रायव्हरच्या बाजूनं वाकून ते बराच वेळ आत बघत राहिले. पट्टा जसाच्या तसा गुंडाळलेला होता. "मैदानात लावला होता त्यानं," ते म्हणाले. "मी सोता ओढून पाह्यलता."

चार-पाच दिवसांनी निखिलचे वडील घरी आले. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले, ताईंनी दिलेलं पाणी प्याले आणि अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "साहेब, घसरवाची कशी ते तुम्ही त्याले पक्कं शिकवलं. थांबाचं कुठं, ते राहून गेलं का?" वडील उत्तरासाठी थांबले नाहीत. ते गेल्यावर साडभाऊ जेवले नाहीत. मी म्हटलं, तुमचा यात काय दोष, तुम्ही तर सगळी काळजी घेतली होती. ते म्हणाले, "मले वाटलं जेवू घातलं की पोट भरते. इथं तर भूकच वाढून राह्यली होती, अन् वाढून देणारा मी."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच जिनिंगमध्ये गेले, सगळे डबे एकात एक घालून भिंतीशी लावले आणि किल्ली परत केली. लोकांच्या टायरमध्ये नाणं घालणंही त्यांनी सोडलं. गाडीत शेजारी बसले तरी आता ते काही सांगत नाहीत, आणि खरं सांगतो, त्यांच्या त्या बडबडीपेक्षा हे गप्प बसणं जास्त भीतीदायक आहे.

निखिल दवाखान्यात होता तोवर साडभाऊ रोज जात. पहिले कितीतरी दिवस त्याचे वडील त्यांना आत येऊ देत, पण बोलत नसत. निखिल मात्र बोले. वर्षभरानं तो काठी घेऊन चालू लागला, तेव्हा त्यानंच हट्ट धरला की काका, मले एकदा चालवू द्या. साडभाऊंनी आपली गाडी दिली आणि शेजारी बसले. मोकळ्या पटांगणात निखिलनं ती दुसऱ्या गिअरमध्ये एक फेरी फिरवली, बैलगाडीसारखी. मग गाडी थांबवून त्यानं चावी काढली आणि साडभाऊंच्या तळहातावर ठेवली. "बस झालं, काका," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं गाडी चालवली नाही.

आता दुकान निखिल सांभाळतो. वडील थकले आहेत. साडभाऊ आले की त्यांच्यासाठी स्वतः चहा सांगतात. दर रविवारी साडभाऊ तिथं जाऊन बसतात. निखिलशी पावसाबद्दल बोलतात, क्रिकेटबद्दल, मोठ्या ताईंच्या गुडघ्यांबद्दल. गाडी हा शब्द दोघंही काढत नाहीत. निघायची वेळ झाली की निखिल काठी टेकत दुकानाच्या पायरीपर्यंत येतो आणि न चुकता म्हणतो, "काका, पोचल्यावर फोन करा." साडभाऊंचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे आणि ते पायी जातात. पण घरी पोचले की चपला काढायच्या आधी ते फोन लावतात.