जुन्या नावाचं वायफाय

माझा नवरा आ-कुन तैवानमधल्या कीलुंग बंदरामागच्या गल्लीत वायफाय बसवतो. या कामात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, पण जिभेला हाड नाही. नवा राउटर घेणाऱ्याला म्हणतो, "कुलूप दणकट आहे, पण तुमच्या जुन्या खोक्यांना ते उघडता येत नाही, ती बाहेरच बोंबलत राहणार." मग युक्तीही स्वतःच करतो. जुन्या वस्तूंसाठी साध्या कुलपाचं वेगळं वायफाय काढतो आणि त्याला आधीच्याच वायफायचं नाव नि पासवर्ड देतो. जुना प्रिंटर, जुना कॅमेरा, सगळं आपोआप येऊन जोडलं जातं.

तीन वर्षांपूर्वी कप्तान त्साईंची मासेमारी बोट बुडाली. आमचा एकुलता एक पिन-हान त्याच बोटीवर होता. दोघांपैकी कुणीच सापडलं नाही. पुजाऱ्याला घेऊन आम्ही किनाऱ्यावर नावानं हाका मारल्या, आत्मा आला का म्हणून कौल लावायच्या चंद्रकोरीसारख्या लाकडी फाका जमिनीवर टाकल्या. कौल मिळाला नाही. कौलाशिवाय देव्हाऱ्यात गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी बसवता येत नाही. त्याच आठवड्यात आ-कुननं पिन-हाननं लावलेला राउटर उपटून कचऱ्यात टाकला आणि आमच्याकडे नवा बसवला. मी अडवलं नाही.

यंदा सातव्या महिन्यात, पितरांच्या दिवसांत, कप्तानांच्या बायकोनं, त्साईकाकूंनी नवा राउटर घेतला. आ-कुनची अवजारांची पिशवी धरायला मीही गेले होते. देव्हाऱ्यावरचा कॅमेरा कप्तानांनी लावलेला होता.

"काकू, हा माझ्यापेक्षा म्हातारा झालाय. टाकून द्या."

"तुझ्या बायकोनं टाकलं का तुला?"

आ-कुननं हसत जुनं नाव नि पासवर्ड घातला. त्याच्या हातातल्या पडद्यावर जोडलेल्या वस्तू दिसू लागल्या. आधी कॅमेरा आला, मग टीव्ही. मग तिसरी ओळ उमटली, 'कप्तान त्साईंचा फोन'.

आ-कुनचं हसणं थांबलं. "काकू, कप्तानांचा फोन कुठं असतो?"

"त्यांच्या खिशात होता की, बोटीवर."

त्यानं पडदा पुढे केला. काकूंनी चष्मा लावून वाचलं, आत जाऊन आणखी एक वाडगा आणला, भात वाढला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "किती उशीर केलात."

आम्ही निघालो तेव्हाही ती ओळ तिथंच होती.

घरी आल्या आल्या आ-कुननं आमच्या राउटरवर जुनं नाव घातलं. पासवर्ड मात्र पोरानं ठेवलेला, आ-कुनला तो ठाऊक नव्हता. त्याची जन्मतारीख झाली, शाळेचं नाव झालं, बोटीचा नंबर झाला.

"तुला आठवतो का गं?"

"नाही," मी म्हटलं.

रोज कामावरून आला की तो पुन्हा नवं काहीतरी घालतो आणि पडद्यावर पिन-हानचा फोन उमटतो का बघतो. पासवर्ड मला पाठ आहे. पिन-हाननंच माझ्या तेव्हाच्या जुन्या फोनवर टाकताना मोठ्यानं म्हणून दाखवला होता. पण मला भीती वाटते. आज निदान म्हणता येतं, दाराला कुलूप आहे म्हणून पोरगा येत नाही. कुलूप काढलं आणि तरी तो आला नाही, तर मी काय म्हणू?