जिंकत आहेत तोवर ट्रक हलवू नये

रविवारी सकाळी सात वाजून अडतीस मिनिटांनी प्यो जोंगमान ट्रकचा उजवा पडदा कोरड्या फडक्याने पुसत होता. डावा पडदा तो पुसत नाही. अकरा दिवसांपूर्वी, पहिल्या सकाळी, उजवी बाजू पुसून होताच त्याला मालकाचा फोन आला आणि डावी राहून गेली. त्या संध्याकाळी बगळे जिंकले. तेव्हापासून डाव्या पडद्यावर धूळ आहे आणि तिला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

बगळे म्हणजे गारोन एग्रेट्स. गारोन कंपनीचा हा बेसबॉलचा संघ, आणि कोरियाच्या राजधानीत, सोलच्या मापो भागातली कंपनीची अठरा मजली इमारत ट्रकच्या बरोबर समोर. ट्रक जाहिरातीचा आहे. तीन बाजूंना दिव्यांचे मोठे पडदे, त्यावर पैसे देणाऱ्याची अक्षरं. महिन्याच्या सुरुवातीला त्यावर एका गायकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्याआधी तळलेल्या कोंबडीच्या नव्या दुकानाची जाहिरात. सध्या दर वीस सेकंदांनी तीन वाक्यं बदलतात.

मॅनेजर गोंग, राजीनामा द्या.

संघ विकत घेतलात, सांभाळायला विसरलात.

नऊ वेळा शरद आला, आमच्याकडे फिरकला नाही.

गोंग हा संघाचा मुख्य प्रशिक्षक; बेसबॉलमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात. दहा संघांतले पहिले पाच ऑक्टोबरातल्या बाद फेरीत जातात. त्या सामन्यांना इथे सगळे शरदातला बेसबॉल म्हणतात. बगळ्यांनी तो नऊ वर्षं टीव्हीवर पाहिला. सप्टेंबरात संघ सलग नऊ सामने हरून आठव्या जागेवर बसला, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढली आणि बुधवार ते शुक्रवार असा तीन दिवसांसाठी हा ट्रक ठरवला. बुधवारी संघ जिंकला. गुरुवारी जिंकला. शुक्रवारीही जिंकल्यावर ट्रक परत पाठवायचा धीर कुणाला झाला नाही. आज बारावा दिवस. मधे एक सामना पावसात वाहून गेला. बाकीचे नऊच्या नऊ बगळ्यांनी जिंकले. सहावी जागा, पाचव्यापासून अर्ध्या सामन्याचं अंतर, आणि आज दुपारी दोनला घरच्या मैदानावर पाचव्याच संघाशी गाठ.

प्योचं वय सत्तावन्न. शाळेत असताना मिळालेलं संघाच्या बालसभासदाचं जॅकेट त्याच्या कपाटात अजून आहे. ते त्याच्या मुलालाही कधी बसलं नाही. ट्रक चालवायला तोच का, तर त्या दिवशी तो रिकामा होता म्हणून. मालकाला तो चाहता असल्याचं ठाऊकही नव्हतं.

"सात अडतीस. ट्रक एक, ड्रायव्हर एक," इमारतीचा पहारेकरी मेंग दोक्सू वहीत लिहीत आला. वय त्रेसष्ट. ट्रकची नोंद ठेवायची आणि तासातासाला फोटो काढायचा, असा त्याला वरून हुकूम आहे. फोटो काढून झाला की तो ट्रकच्या मागे येतो. तिथे इमारतीचा कॅमेरा पोचत नाही. तिथे आल्यावर मेंग कंपनीचा नोकर राहत नाही, चाळीस वर्षांचा जुना बगळा होतो.

"मेंगदादा, रविवार आहे. आत चिटपाखरू नाही. हा राजीनामा मागतोय तरी कुणाकडे आपण?"

"माझ्याकडे माग. मी आत्ता देतो. पण माझ्या राजीनाम्याने पिचिंग सुधारायचं नाही."

"पिचिंग सुधारलंय की. नऊ सामने!"

"सुधारलंय कसलं. समोरचे गाढव निघाले. काल सातव्या डावात गोंगने तो डावखुरा पोरगा आणला, बघितलंस ना? ज्याच्या हातात चेंडूसुद्धा थरथरतो."

"आणि जिंकलो."

"जिंकलो म्हणून बरोबर होतं काय? माझा मेव्हणा दारू पिऊन गाडी चालवत सुखरूप घरी आला, म्हणून त्याला स्कूलबस द्यायची?"

नऊ वाजून दहा मिनिटांनी प्योची बायको एरान हिचा फोन आला.

"अहो, बॅग भरली. पाच दिवसांना तीन शर्ट पुरतील ना?"

"पुरतील. गेलो तर."

फोनवर बॅगेची चेन पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

"गेलो तर?"

सोमवारी सकाळी नऊ वाजता सांगजू शहरातल्या केंद्रात खासगी टॅक्सीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण सुरू होणार होतं. ते केल्याशिवाय स्वतःची टॅक्सी घेता येत नाही. प्यो बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो आहे. वर्गाच्या जागा ऑनलाइन सुटतात आणि मिनिटभरात संपतात. दोनदा हुकल्यावर तिसऱ्या खेपेला एरान भाच्याला घेऊन कॉम्प्युटर कॅफेत गेली, शाळकरी पोरांच्या रांगेत बसली आणि पन्नासाव्या सेकंदाला नवऱ्याचं नाव लावून उठली.

"तुमचे बगळे पाचवे आले, तर तुम्हाला टॅक्सी देणारेत का?"

"तसं नाही गं. मंगळवारी पुन्हा सामना आहे. ट्रकवर दुसरा माणूस आला आणि..."

"आणि काय? चेंडू तुम्ही फेकता की बॅट तुम्ही मारता? चाळीस वर्षं तो संघ हरतोय, तेव्हा तुम्ही कुठे होतात? उद्या नऊला वर्गात दिसला नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि मी माझ्या बहिणीकडे जाईन. तिच्या नवऱ्याला फुटबॉल आवडतो."

मालकाची काही हरकत नव्हती. मंगळवारपासून दुसरा ड्रायव्हर देतो, असं तो आठवड्यापूर्वीच बोलला होता. अडचण होती ती गेल्या गुरुवारची. त्या दिवशी दाढ दुखते म्हणून प्यो ट्रक तासभर दुसऱ्याच्या हवाली करून दवाखान्यात गेला, आणि रात्री बगळे कसेबसे, समोरच्याच्या चुकीने, दहाव्या डावात जिंकले. चाहत्यांच्या ग्रुपवर त्याचा अर्थ ताबडतोब लागला: ड्रायव्हर हलता कामा नये. प्योला तो ग्रुप वाचायला कुणी दिला नव्हता. पण घरी जेवताना, त्यांनी लिहिण्याच्या आधीच, तो स्वतः याच निष्कर्षाला आला होता.

बारा वाजता मिन येरिन आली. वय एकोणतीस, दातांच्या दवाखान्यात मदतनीस, ट्रकच्या समितीची प्रमुख. ट्रक उभा करायला पोलिसांना द्यायच्या अर्जावर सही तिची असते. तिच्या हातात त्याच दुकानाची, तीच अंड्याची किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, होती. प्योला अंड्याची किंबाप आवडत नाही. पहिल्या दिवशी भिडेखातर खाल्ली, आता इलाज नाही.

"काका, दाढ कशी आहे?"

"बरी आहे, येरिनबाई."

"आ करा." तिने केबिनमध्ये चढून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. "शुक्रवारपर्यंत तग धरेल. म्हणजे शुक्रवारपर्यंत तरी दवाखान्यात जायचं नाही. मंगळवारचा अर्ज मी सकाळीच पोलिसांकडे देऊन आले. ते आता विचारतसुद्धा नाहीत. 'बगळ्यांचं ना? ठेवा तिथे.'"

मेंगने फोटो काढला आणि मागे आला.

"बाई, एक विचारू? आपण पाचवे आलो, शरदात पोचलो, तर गोंगचं काय होईल?"

येरिन किंबापची पिशवी घडी करू लागली.

"मी सांगतो. नऊ वर्षांनी शरद दाखवला म्हणून तीन वर्षांचा नवा करार होईल. वरच्या मजल्यावर कागद तयार आहेत, झेरॉक्स मशीनशेजारी मी पाहिलेत. म्हणजे तुम्ही लोकांनी वर्गणी काढून गोंगला नोकरी मिळवून दिलीत."

"त्यावर ग्रुपवर भांडण चालूच आहे," येरिन म्हणाली. "दोनशे लोक म्हणतात, हरलं तरी चालेल, पण हा जाऊ दे. बाकीचे त्यांना गद्दार म्हणतात."

"तुम्ही कुणाकडून?"

"मी दिवसा पहिल्यांकडून असते. सामना सुरू झाला की दुसऱ्यांकडून."

"मग अक्षरं तरी बदला," प्यो म्हणाला. "सलग नऊ सामने जिंकणाऱ्या माणसाकडे राजीनामा मागायचा, बरं दिसत नाही."

"काका, वेडे झालात का? अक्षरं बदलायची?"

प्योलाही ते पटलं. त्याने नुसतं बोलून पाहिलं होतं. खरं बोलायचं होतं ते सांगजूबद्दल. सकाळपासून तीनदा वाक्य जुळवून झालं होतं: येरिनबाई, उद्यापासून मी नाही. चौथ्यांदा जुळवलं, आणि तेवढ्यात दोन वाजले.

सामना मेंगच्या मोबाईलवर, ट्रकच्या मागच्या पडद्याखाली उभं राहून तिघांनी पाहिला. मेंग दर तासाला पुढे जाऊन फोटो काढून यायचा. तो पुढे गेला की बगळ्यांना धावा मिळतात असं पाचव्या डावात लक्षात आलं, मग येरिनने त्याला उगाचच आणखी दोनदा पाठवलं. चार-चार अशी बरोबरी झाली आणि तशीच राहिली. नेहमीचे नऊ डाव संपले, जादाचा दहावाही गेला. अकराव्याच्या पलीकडे खेळ जात नाही.

अकरावा डाव, बगळ्यांची पाळी. एक बाद, तिसऱ्या बेसवर धावायला तयार माणूस, आणि बॅट हातात घेऊन संघातला सर्वांत जोरकस गडी. एक बरा फटका, की सामना खिशात. मोबाईलवर गोंग दिसला. त्याने नाकाला, टोपीला, कोपराला हात लावला.

"नको," मेंग म्हणाला. "नको रे बाबा. मारू दे त्याला."

गोंगचा हुकूम होता चेंडूला बॅट नुसती टेकवायचा. जोरकस गड्याने आयुष्यात पहिल्यांदा बॅट टेकवली. चेंडू सरळ वर उडून तो फेकणाऱ्या पिचरच्याच हातात पडला, आणि तिसऱ्या बेसवरून निघालेला माणूस परत पोचायच्या आत तोही बाद. तीन बाद झाले, डाव संपला. सामना बरोबरीत. पाच वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

डोक्यावरच्या पडद्यावर अक्षरं बदलली. मॅनेजर गोंग, राजीनामा द्या.

"आज पहिल्यांदा हे वाक्य वेळेवर आलं," मेंग म्हणाला.

प्योने फडकं घडी करून खिशात घातलं. जिंकले असते तर तो ट्रक सोडू शकला नसता. हरले असते तर सुटला असता. बरोबरीत काय करायचं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"येरिनबाई, मला एक बोलायचंय."

"काका, आधी मला बोलायचंय." ती मोबाईलकडेच पाहत होती. ग्रुपवर मतदान झालं होतं. त्याला चार मिनिटं लागली. "पावसाच्या दिवशी आपण ठरवलं होतं, हरलो नाही म्हणजे ट्रक तसाच ठेवायचा. ट्रक ठेवायचाय. अक्षरंही ठेवायचीत."

"बरं."

"फक्त ड्रायव्हर..." ती आता त्याच्या बुटांकडे पाहू लागली. "लोकांचं म्हणणं आहे, तुमचा भर ओसरला. गुरुवारी दहाव्या डावापर्यंत गेलो, शुक्रवारी एका धावेने वाचलो, आज बरोबरी. उतार दिसतोय. वेळीच बदल केलेला बरा. काका, तुम्ही खूप केलंत, समितीला त्याची जाणीव आहे..."

"नऊ विजय, एक बरोबरी," प्यो म्हणाला. "एकही हार नाही."

"हो, पण कल बघता..."

"कल? एवढ्यावर त्या गोंगला तीन वर्षांचा करार मिळतोय!"

"म्हणून तर आम्ही त्याचाही राजीनामा मागतोय."

मेंगने वही उघडली. "पाच अठ्ठावन्न. ट्रक एक, ड्रायव्हर बडतर्फ," असं मोठ्याने म्हणाला. लिहिताना मात्र त्याने नुसतं ट्रक निघाला एवढंच लिहिलं.

"बरं, तुम्हाला काय बोलायचं होतं?" येरिनने विचारलं.

"काही नाही," प्यो म्हणाला. "मी उद्यापासून येणारच नव्हतो."

ते कुणी खरं मानलं नाही. मेंगने त्याच्या खांद्यावर थोपटलं. नोकरी गेलेला प्रत्येक माणूस असंच म्हणतो, हे त्याला त्या इमारतीच्या फाटकावर वीस वर्षं बसून ठाऊक होतं.

सव्वासातला प्योने डेपोत ट्रक लावला. मंगळवारपासूनचा ड्रायव्हर किल्ली घ्यायला थांबला होता. तिशीचा, अंगात एका इंग्लिश फुटबॉल क्लबचा टी-शर्ट. प्योने किल्ली दिली आणि निघाला. फाटकापर्यंत गेला, परत आला, आणि खिशातलं फडकं त्याच्या हातात ठेवलं.

"फक्त उजवी बाजू पुसायची. सात अडतीसला."

"आणि डावी?"

"डावीला हात लावायचा नाही. आणि अंड्याची किंबाप देतील, ती खायची."

"का?"

प्योने त्याच्या टी-शर्टकडे पाहिलं. समजावण्यात अर्थ नव्हता. "कंपनीचा नियम आहे," तो म्हणाला.

घरी बॅग दाराशी होती. त्यात तीनऐवजी चार शर्ट होते. एरानने तिकीट बॅगेच्या वरच्या कप्प्यात नीट दिसेल असं उभं ठेवलं. सांगजूची पहिली बस सकाळी सहाला सुटते, वर्ग नऊला भरतो. उद्या सोमवार आहे, आणि सोमवारी लीगमध्ये एकही सामना नसतो.