तारप्याच्या फेरातली मोकळी जागा

बंगळूरला निघालो तेव्हा आमच्या सामानात सगळ्यात जड होता तो गेरू. रखमीने तो पाड्यावरून गोणपाटात बांधून आणला होता. "बंगळूरात माती मिळत नाही का गं?" मी विचारलं.

"मिळंल. पन ती माती मला वळकते का?"

गोणपाटाचं एक टोक मी धरलं.

रखमी डहाणूकडची वारली चित्रकार, मी तिथल्याच शाळेतली शिक्षिका. एका कलादालनाने तिला आवारातली भिंत रंगवायला बोलावलं होतं. तिला मराठीखेरीज भाषा येत नाही आणि मला सुट्टीत घरी बसवत नाही, म्हणून आमची जोडी जमली. उतरायला चिकपेटेत माझी मामी होतीच. माझ्या आजोळची माणसं कितीतरी पिढ्या तिथे साड्या विकताहेत.

"अय्यो, किती वाळलीस गं!" मामीने दारातच सुरुवात केली. माझ्याकडे बघून असं म्हणणारी ती जगातली एकमेव व्यक्ती, म्हणून मला फार आवडते. रखमीच्या पानात तिने सारू (आमटीची पातळ, तिखट बहीण) वाढलं. "स्वल्प (थोडं) घे की अजून." भाताचं आळं फुटून सारू ताटभर पळालं आणि रखमी मनापासून हसली.

दुसऱ्या दिवसापासून भिंत सुरू झाली. आधी गेरू, तो वाळला की तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती कमरेला हात घालून नाचणाऱ्या बायांचा फेर. फेरात एकाच ठिकाणी दोन बायांचे हात नुसतेच पुढे आलेले, मध्ये कोणी नाही.

ती जागा सोमीची. सोमी रखमीची धाकटी बहीण, माझ्याच वर्गात होती. पाढे चुकायची आणि वर माझ्याकडेच बघून हसायची. ती वीटभट्टीवर कामाला गेली. हंगाम संपल्यावर बाकीच्या आल्या, ती आली नाही. मुकादम म्हणाला, पळून गेली. तिच्याबरोबरची देवकी नंतर खाडीत सापडली. तिच्या अंगावरच्या खुणा बघून ती बुडून मेली असं कोणी म्हणेना, पोलीस सोडून. देवकीचे दिवस तरी घालता आले. तिला रखमीने चित्रात फेराच्या वर, ताडाच्या झाडावर बसवलं होतं. सोमीचे दिवस घालायला आई तयार नाही. म्हणून रखमी जिथे फेर काढते तिथे ती एक जागा सोडते. कोणीतरी विचारेल, इथली कुठे गेली, एवढीच तिची आशा. आतापर्यंत लोकांनी फक्त रंग टिकेल का, एवढंच विचारलं होतं.

फेर झाला तशा आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत (उभ्याने खायचं हॉटेल) गेलो. तिथे 'बाय-टू' सांगितलं की एक कॉफी दोघांत वाटून देतात. रखमीला ही पद्धत इतकी पटली की तिने तीनदा बाय-टू मागवली.

परत आलो तर मामी डबा घेऊन आलेली, आणि तिच्या बोटांना पांढरं पीठ! फेरातल्या मोकळ्या जागी एक नवी बाई उभी होती. गुबगुबीत, लांब वेणी, वेणीत भरघोस मल्लिगे (मोगरा).

"जागा राहिली होती बघ," मामी खुशीत म्हणाली. "उघडी रांगोळी दारात ठेवू नये. मी भरली. सरी (बरोबर) आहे ना?"

रखमीचा चेहरा उतरला. मी मामीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मामी पांढरीफटक पडली आणि पदर ओला करून भिंतीकडे धावली.

"पुसू नका!" रखमी ओरडली. मग हळू म्हणाली, "बाई काढलीय. बाईला पुसायचं नाय."

तिने पुन्हा गेरू कालवला. मल्लिगेवालीच्या शेजारणीला थोडं पलीकडे सरकवून नव्याने काढलं. फेर मोठा झाला, आणि मधे पुन्हा एक जागा मोकळी झाली. मामी डोळे पुसत बघत होती. "दिसायला कशी होती गं?" तिने विचारलं. रखमी सांगायला लागली ती डबा गार झाला तरी थांबली नाही.

निघायच्या सकाळी मामीने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली होती. शेजारीण वाकून म्हणाली, "अक्का, इदु पूर्ती आगिल्ला (ही पुरी झाली नाही)." खरंच, एका कोपऱ्यात रेघा जोडायच्या राहिल्या होत्या.

"राहू दे," मामी म्हणाली. "आमची एक पोरगी यायची आहे."

येताना गोणपाट रिकामं होतं, तरी त्याचं एक टोक मी धरलंच. मी बंगळूरला गेले ती गार हवा खायला, आणि आणलं काय म्हणाल तर मामीचं ते एक वाक्य. रखमीला पाड्यावर सोडायला गेले, तर तिची आई वाटेतच उभी होती. ना भिंतीचं विचारलं, ना प्रवासाचं.

"कोनी इचारलं का सोमीचं?"

"इचारलं, आये," रखमी म्हणाली. "थितं एक बाई दारात तिची जागा ठेवते."