पोर तुझी, पाठ तिची

तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि उगाच नाही. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. हातात दाभण, तोंडात खिळे, आणि खिळे नसले की तोंडात त्याहून टोकदार काहीतरी. मालकसुद्धा तिला जपून हाक मारायचा, तीही उजव्या बाजूने. डावा कान दिसायला होता, ऐकायला नव्हता. लहानपणी बापाने एक ठेवून दिली होती. कशाबद्दल, ते पुढे बापालाही आठवलं नाही. बाप मेला तेव्हा तिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

तिचं लग्न झालं नव्हतं. जीव होता तो धाकट्या भावावर. बापाने पट्टा काढला की ती त्याला पलंगाखाली ढकलायची आणि त्याच्या वाटचे फटके आपण खायची. तो भाऊ आता सामान पोचवायची गाडी चालवत होता. आई त्याच्याकडेच राहायची. त्याची आठ वर्षांची मुलगी, इवलीशी म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शाळा सुटली की तिची आई कामावरून येईपर्यंत मुंगी आत्याच्या कारखान्यात बसायची. आधी नुसती बडबड करायची. वर्षभरात गप्प गप्प झाली. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, पाढे विसरते, विचारलं की बाकाखाली बघते. ठिणगीला वाटलं, वाढतं वय आहे.

एका दुपारी कामगाराच्या हातून सोफ्याचा लाकडी सांगाडा निसटला आणि फरशीवर धाडकन आपटला. सगळे दचकले, मग हसले. मुंगी टेबलाखाली होती. दोन्ही हातांनी डोकं झाकून भराभरा म्हणत होती, "मी नाही केलं बाबा, परत नाही करणार, मी नाही केलं."

'मी नाही केलं' आणि 'परत नाही करणार' हे एका दमात म्हणायची विद्या कुठल्या घरात शिकवतात, हे ठिणगीला कुणी सांगायला नको होतं. तिने पोरीला मागच्या खोलीत नेलं, सदरा वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ. काही ताजे, काही पिवळे पडलेले.

"का मारलं गं?"

"अंथरूण ओलं झालं."

"आणि ते का होतं?"

मुंगीने खरंच विचार केला. "बाबा मारतील म्हणून."

त्या संध्याकाळी ठिणगी पोरीचा हात धरून भावाच्या घरात शिरली. भाऊ जेवत होता.

"हिच्या पाठीवर काय आहे रे?"

"ताई, घरातली गोष्ट आहे," घास न थांबवता तो म्हणाला. "आपण काय कमी मार खाल्ला? बिघडलं का काही आपलं?"

"बिघडलं का? माझा कान गेला आणि तू विचारतोस बिघडलं का! साहेबाने आवाज चढवला की अजून तुझी जीभ टाळ्याला चिकटते. दिवसभर तिथे शेपूट घालायची आणि संध्याकाळी येऊन या एवढ्याशा जिवावर मर्दानगी गाजवायची!"

"मार खाल्लात म्हणून माणसात आलात," कोपऱ्यातून आई म्हणाली.

"आई, तेव्हा तू दार लोटून घ्यायचीस. आज निदान तोंड तरी मीट."

भावजय ओट्याशी पाठमोरी उभी राहून एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती. भाऊ ताटावरून उठला. "माझी पोर आहे. काय करायचं ते मी बघेन."

"पोर तुझी असेल. पाठ तिची आहे!"

ठिणगी आल्या पावली पोरीला घेऊन निघाली. आधी डॉक्टरकडे, दुसऱ्या दिवशी मुलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत. तिथले साहेब मान हलवत म्हणाले, "सख्ख्या भावावर तक्रार? पस्तावाल बाई. घरात बसून मिटवा."

"घरात बसूनच तर हे झालंय, साहेब."

ती उठेना. मग शाळेच्या बाई आल्या, पाहिलं होतं ते बोलल्या. शेवटी भावजयही आली आणि खाली मान घालून म्हणाली, "वन्सं खरं सांगताहेत." मुंगीने आत्याकडे राहायचं आणि बापाने शनिवारी तिथेच येऊन भेटायचं, असं ठरलं. भावाचं घर मोडलं म्हणून नात्यागोत्यात ठिणगीच्या नावाने बोटं मोडली गेली. पोर मोडत होती तेव्हा एकालाही ऐकू आलं नव्हतं, आणि बहिरी म्हणे ठिणगी!

पण गोष्ट एवढ्यावर सरळ झाली नाही. मुंगी खाणं लपवायची. ठिणगीने घरी शिवायला आणलेल्या मखमली उशीत तिने लोणी लावलेला पाव कोंबला. गिऱ्हाईक दारात आणि मखमलीवर हा एवढा डाग. ठिणगीचा हात वर गेला. मुंगी पळाली नाही. तिने केसांतली पिन काढली आणि मोडू नये म्हणून बाजूला ठेवली.

ठिणगीचा हात वरच राहिला. तो तिच्या बापाचा हात होता. मेला तरी इथे मुक्कामाला होता! तिने तीच उशी दाणदाण भिंतीवर आपटली, आतला कापूस खोलीभर झाला. मग ती खाली बसली.

"चुकलं माझं. मारणार नाही. राग आला तर ओरडेन. तूही ओरड."

"मी पण?"

"तू पण."

हळूहळू मुंगी ओरडायला लागली. वेणी घट्ट झाली म्हणून, भाजी नको म्हणून. शेजारी म्हणाले, पोर शेफारली. ठिणगी म्हणाली, "शेफारू दे."

एका शनिवारी मुंगी म्हणाली, "आज बाबांना नाही भेटायचं." भाऊ दारात आला तेव्हा त्याच्या हातात रंगपेटी होती.

"ती आज नको म्हणते," ठिणगीने सांगितलं.

"लहान आहे ती. तिला काय विचारायचं?"

"लहान आहे म्हणूनच विचारायचं. तुला-मला कुणी विचारलं होतं?"

"मी बदललोय गं ताई. हात लावत नाही कुणाला."

"असशील. चांगलं आहे. ते तिला कधी पटायचं ते तिचं तिला ठरवू दे."

रंगपेटी उंबऱ्यावर ठेवून तो जिना उतरू लागला, खांदे पाडून, लहानपणी पलंगाखालून बाहेर यायचा तसा. ठिणगी वरून बघत राहिली. तिला त्याचा राग आला. मग कीव आली. आणि कीव आली याचाच पुन्हा राग आला.